वर्गखोलीतील बाके, लिहिण्याचे फळे व कपाटे यांसाठी देणग्या कशा उभ्या कराव्यात: नाशिक जिल्ह्यातील शाळांसाठी सविस्तर मार्गदर्शन

अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत रोज लोखंडी पाइप कापले, वाकवले आणि जोडले जातात; तेथून काही तासांच्या अंतरावर पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यात मात्र मांडीवर वही ठेवून सतरंजीवर लिहिणारी मुले आजही दिसतात. नाशिक जिल्ह्यात देण्याची ऐपत आणि इच्छा असणारे लोक पुष्कळ आहेत. कारखाने आहेत, द्राक्ष-कांद्याचे मोठे बागायतदार आहेत, ओझरच्या विमान कारखान्यातून आणि नाशिकरोडच्या मुद्रणालयांतून निवृत्त झालेले आणि आपल्या गावच्या शाळेची आठवण ठेवणारे कर्मचारी आहेत. परंतु त्यांच्यापुढे बहुधा ‘शाळेला मदत करा’ एवढीच मागणी जाते. किती मदत, कशासाठी, ती कोणाच्या हाती द्यायची आणि दिल्यावर तिचे काय झाले हे कसे कळणार, या चार प्रश्नांची उत्तरे पत्रात नसतील तर सद्हेतूचा माणूसही निर्णय पुढे ढकलतो. ही उत्तरे आधी तयार कशी ठेवावीत आणि मग कोणाकडे कोणत्या क्रमाने जावे, हे येथे मांडले आहे. शाळा जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची आहे असे धरून बहुतेक सूचना दिल्या आहेत. खासगी संस्थांना लागू असलेला वेगळा कायदा त्या ठिकाणी सांगितला आहे.

आधी खोली मोजा, मग मुले मोजा

पहिले काम मोजपट्टी घेऊन वर्गात जाण्याचे आहे. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, दार कोणत्या बाजूला उघडते, खिडक्या कोठे आहेत, फळा कोणत्या भिंतीवर आहे आणि पावसाळ्यात ओल कोणत्या भिंतीला येते, हे एका कागदावर आखून घ्यावे. त्यानंतर वर्गाचा पट लिहावा; तो कागदावरचा पट नसून नियमित हजर राहणाऱ्या मुलांची संख्या आणि पुढील दोन वर्षांत पहिलीत येणाऱ्या मुलांचा अंगणवाडीतून मिळालेला अंदाज, असा दोन्ही मिळून असावा.

हे मोजमाप नसेल तर काय होते, ते साध्या हिशेबाने कळते. समजा खोली २० फूट लांब आणि १८ फूट रुंद आहे. फळ्यापासून ५ फूट मोकळे सोडले तर लांबीत १५ फूट उरतात. दोन मुलांच्या एका बाकाला, मूल बसलेले धरून, पुढे-मागे सुमारे ३ फूट लागतात. म्हणजे एकामागे एक पाच बाके बसतात. रुंदीत साडेतीन फुटांची तीन बाके ठेवली की साडेदहा फूट गेले आणि उरलेल्या साडेसात फुटांत दोन वाटा व कडेची जागा राहते. या खोलीत १५ बाके, म्हणजे ३० मुले, एवढीच सोय आहे. देणगीदाराने उत्साहाने २५ बाके पाठवली तर त्यांतील १० व्हरांड्यात पडून भिजतील.

जुन्या सामानाची पाहणीही याच वेळी करावी. मोडक्या बाकांपैकी कितींचा सांगाडा शाबूत आहे आणि फक्त फळी बदलायची आहे, कितींचा एखादा पाय वेल्डिंग करून जोडता येईल आणि किती खरोखर निकामी आहेत, अशी तीन गटांत यादी करावी. वरील उदाहरणात १५ पैकी ४ बाके प्रत्येकी ६०० रुपयांत दुरुस्त होत असतील आणि नवे बाक सर्व खर्च धरून ४,५०० रुपयांना पडत असेल, तर ६७,५०० रुपयांची मागणी ५१,९०० रुपयांवर येते. किमती येथे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत. ज्या शाळेने आधी दुरुस्त करण्याजोगे दुरुस्त केले, तिच्या मागणीकडे देणगीदार वेगळ्या विश्वासाने पाहतो. निकामी सामान मात्र परस्पर भंगारात देऊ नये. जडवस्तू नोंदवहीत (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) नोंद असलेल्या वस्तूचे रीतसर निर्लेखन, म्हणजे ती निकामी ठरवून नोंदीतून कमी करणे, आवश्यक असते आणि त्यासाठी गटशिक्षणाधिकारी कार्यालयाची लेखी वाट धरावी लागते.

शासनाकडून मिळण्याजोगे आधी मागा

देणगीदाराचा पहिला प्रश्न हाच असतो की शासन काय देते. त्याचे उत्तर प्रामाणिक आणि आकड्यांत असावे. समग्र शिक्षा योजनेत पटानुसार संयुक्त शाळा अनुदानाचे निकष आहेत: ३० पटापर्यंत १०,००० रुपये, त्यापुढे १०० पटापर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख. यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. उरलेल्या रकमेतून वीज, लेखनसाहित्य, किरकोळ दुरुस्ती भागवावी लागते. चाळीस मुलांच्या शाळेला यातून फर्निचर घेणे का जमत नाही, हे एवढ्या माहितीवरून कोणालाही पटते.

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ही दुसरी जागा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांपैकी एखाद्या सभेत शाळेची मागणी लेखी मांडून ती इतिवृत्तात आणावी. सुरगाणा, पेठ, कळवण यांसारख्या अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींसाठीच्या कायद्याचा) अबंध, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, निधीही थेट मिळतो आणि त्याचा विनियोग ग्रामसभेच्या मान्यतेने ठरतो. मागणी नाकारली गेली किंवा अर्धीच मान्य झाली तरी तो कागद जपून ठेवावा, कारण देणगीदाराकडे जाताना तो उपयोगी पडतो.

ठराव, खाते आणि पावती

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करणे हे याच समितीचे काम आहे. म्हणून फर्निचरची मागणी त्या आराखड्यात आधी लिहिली जावी आणि समितीच्या सभेत पुढील गोष्टींचा ठराव व्हावा: कोणत्या वर्गाला कोणत्या वस्तू किती लागतात, अंदाजे खर्च किती, देणगी वस्तुरूपाने घ्यायची की रकमेने, आणि खरेदी पाहणारे तीन ते पाच जण कोण. या उपसमितीत किमान दोन महिला पालक असाव्यात असे मी आग्रहाने सुचवेन, कारण मुलगी दिवसभर पाय लोंबकळत बसते की नाही याची चौकशी बहुधा त्याच करतात. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत (आसपासच्या शाळांचा गट म्हणजे केंद्र, त्याचे प्रमुख) गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. महापालिकेच्या शाळेने ती महापालिकेच्या शिक्षण विभागाला द्यावी.

रकमेपेक्षा वस्तू घेणे शक्यतो पत्करावे. देणगीदाराने दरपत्रक पाहून पुरवठादाराला थेट पैसे द्यावेत आणि शाळेने वस्तू मिळाल्याची पोच द्यावी, ही सर्वांत निर्धोक रीत आहे. रक्कम घ्यावीच लागली तर ती समितीच्या बँक खात्यातच यावी, अनुदानाच्या रकमेत मिसळली जाऊ नये म्हणून तिची स्वतंत्र रोकडवही असावी आणि कोणत्या खात्यात ती स्वीकारायची हे वरिष्ठ कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. एखाद्या शिक्षकाच्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेला क्यूआर कोड गटावर टाकून पैसे गोळा करण्याचा मोह टाळावा. तो शिक्षक कितीही सचोटीचा असला तरी पुढे हिशेब मागितला गेला की त्याच्यावरच बालंट येते, आणि चांगले काम करणाऱ्या माणसाला अशा प्रसंगात ढकलणे अन्यायाचे आहे.

माजी विद्यार्थ्यांचा नोंदणी नसलेला गट स्वतः वर्गणी काढणार असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१-क ची बाब पाहावी. गणेश मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडे जी परवानगी मागतात, ती याच तरतुदीखाली. नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात आधी चौकशी करणे हिताचे.

आयकरात ‘८० जी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीविषयी शाळेने कधीही तोंडी आश्वासन देऊ नये. ही सवलत तशी मान्यता असलेल्या संस्थेला पैशाच्या रूपात दिलेल्या देणगीवरच मिळते, वस्तूंवर मिळत नाही; २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर मिळत नाही; आणि नव्या करप्रणालीत असलेल्या करदात्याला मिळत नाही. ज्याला ती हवीच आहे त्याने मान्यताप्राप्त विश्वस्त संस्थेला देणगी द्यावी आणि त्या संस्थेने शाळेसाठी खरेदी करावी, असा मार्ग सुचवावा.

पालकांकडून किती आणि कसे

येथे सर्वाधिक जपून चालावे लागते. शिक्षण हक्क अधिनियमाचे कलम १३ प्रवेशाच्या वेळी अधिसूचित शुल्काव्यतिरिक्त कोणतीही देणगी किंवा वर्गणी घेण्यास मनाई करते आणि भंग झाल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड सांगते. खासगी संस्थांना १९८७ चा महाराष्ट्राचा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदाही लागू आहे. म्हणून प्रवेश, निकाल, दाखला किंवा गणवेश यांच्या जोडीला फर्निचरच्या वर्गणीचा विषय काढूच नये. जून महिन्यात तर नकोच.

कायद्यापलीकडचे कारण अधिक मोठे आहे. मजुरीला जाणाऱ्या आईने दिलेले शंभर रुपये आणि नोकरदार पालकाने दिलेले हजार रुपये एकाच यादीत भिंतीवर लागले की त्या आईचे मूल ती यादी रोज वाचते. पालकांच्या देणग्यांची नावे व रकमा जाहीर करू नयेत. ज्यांना द्यायचे आहे त्यांना पावती द्यावी आणि ज्यांना हातभार लावायचा आहे त्यांच्यासाठी खोली रंगवणे, सामान उतरवणे, जुनी बाके घासून साफ करणे अशी कामे ठेवावीत. गावातला सुतार किंवा वेल्डिंगवाला पालक असेल तर त्याचे दोन दिवसांचे काम कित्येक हजारांच्या तोडीचे ठरते. त्याची नोंद शैक्षणिक उठावाच्या, म्हणजे लोकांकडून शाळेला मिळालेल्या मदतीच्या, नोंदवहीत मूल्यासह करावी.

वस्तूचा तपशील लिहिल्याशिवाय दर मागू नका

‘चांगल्या दर्जाचे बाक’ या शब्दांवर आलेली तीन दरपत्रके एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, कारण प्रत्येकाच्या मनातले बाक वेगळे असते. म्हणून तपशील शाळेने लिहावा.

उंचीपासून सुरुवात करावी. मूल बसल्यावर त्याचे तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत आणि हात सैल सोडल्यावर कोपर जिथे येते त्याच्या जरासेच वर लिहिण्याची फळी असली पाहिजे. साधारण ११५ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला ३१ सेंटिमीटर उंचीचे आसन आणि ५३ सेंटिमीटर उंचीची फळी योग्य ठरते. १३० सेंटिमीटरच्या मुलाला अनुक्रमे ३५ आणि ५९, आणि १४५ सेंटिमीटरच्या मुलाला ३८ आणि ६४. वर्गातील सर्व मुलांची उंची भिंतीवर खुणा करून मोजावी आणि मधल्या उंचीला धरून माप ठरवावे. पहिलीपासून आठवीपर्यंत एकच माप घेतले की किंमत थोडी उतरते, पण लहान मुले वर्षानुवर्षे पाय लोंबकळत बसतात. ही बचत करू नये.

पहिली-दुसरीसाठी बाके घ्यावीत का, याचाही विचार व्हावा. या वयाची मुले गटात बसतात, उठतात, वस्तू मांडतात. त्यांच्या खोलीत जड बाके भरली की खेळायची, कृती करायची जमीनच नाहीशी होते. माझ्या मते या वर्गांना जाड सतरंज्या, मांडी घालून बसून लिहिता येईल अशी बुटकी डेस्क, मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीचा फळा आणि पुस्तकांची उघडी मांडणी अधिक उपयोगी पडते, आणि खर्चही बराच कमी होतो.

सांगाड्यासाठी चौकोनी लोखंडी पाइपची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर आणि १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, मोठ्या मुलांच्या बाकांना १६ गेज घ्यावा. गंजरोधक थर आणि पावडर कोटिंग, पायांना रबरी बूच, फळीच्या गोल कडा, दप्तरासाठी खाली कप्पा आणि बोटांत घुसणार नाहीत असे बोल्ट, हे सर्व तपशिलात यावे. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिकडच्या आणि त्र्यंबक-पेठ पट्ट्यातील शाळांनी भुशाच्या दाबून केलेल्या फळ्या घेऊ नयेत, कारण कडेने ओल शिरली की त्या फुगतात. ओलसर हवेत टिकणारा १८ मिलिमीटरचा प्लायवूड आणि त्याच्या चारही कडा बंद केलेल्या, असे स्पष्ट लिहावे. येवला-नांदगावच्या कोरड्या भागात या बाबतीत थोडी सवलत घेता येते.

दरपत्रक तीन ठिकाणांहून घ्यावे आणि त्यात जीएसटी, वाहतूक, उतरवणी व बसवणी धरलेली असावी. सुरगाण्याच्या पाड्यापर्यंत ट्रक जातो की शेवटचा टप्पा पिकअपने न्यावा लागतो, हे आधी सांगितले नाही तर वाहतुकीवरून वाद होतो. संपूर्ण मागणी देण्यापूर्वी एक नमुना बाक मागवावे, ते आठवडाभर वर्गात वापरावे, मुलांना विचारावे आणि मगच उरलेली बनवण्यास सांगावे.

कोणाकडे, केव्हा जायचे

सर्वांत जवळचे आणि बहुधा सर्वांत लवकर देणारे म्हणजे माजी विद्यार्थी. दिवाळीला किंवा गावच्या यात्रेला नाशिक, पुणे, मुंबईहून माणसे घरी येतात; तेव्हा शाळा तासभर उघडी ठेवून मोजमापाचा कागद आणि नमुना बाक दाखवावे. एक बाक हे देणगीचे एकक ठेवले की दोघे मिळून एक घेतात, एखादी तुकडी मिळून पूर्ण वर्ग घेते. निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या पट्ट्यात द्राक्षाचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल या काळात असतो आणि उन्हाळ कांदा त्यामागोमाग निघतो. शेतकऱ्याच्या हाती पैसा येण्याची ही वेळ ध्यानात घेऊन विनंती करावी. ज्या वर्षी गारपीट झाली किंवा भाव पडले, त्या वर्षी त्यांच्याकडे जाऊ नये.

कंपन्यांविषयी नेमके समजून घ्यावे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते; शिक्षण हा विषय अनुसूची ७ मध्ये आहे आणि कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे, दिंडोरी येथील मोठ्या कारखान्यांकडे जाताना हा परिसराचा मुद्दा पत्रात लिहावा. अशा कंपन्या अनेकदा सीएसआर-१ नोंदणी (कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाची कामे करण्यासाठी संस्थेने केंद्र शासनाकडे करायची नोंदणी) असलेल्या संस्थेमार्फत काम करतात. म्हणून एकट्या शाळेने ५० हजारांची मागणी घेऊन जाण्यापेक्षा केंद्रातील आठ-दहा शाळांनी एकाच नमुन्यात मागणी एकत्र करून, अशा संस्थेला सोबत घेऊन जावे. आर्थिक वर्ष मार्चला संपते. पुढील वर्षाचे नियोजन त्याआधीच सुरू होत असल्याने डिसेंबर-जानेवारीत प्रस्ताव पोहोचलेला बरा.

लहान कारखान्यांना हा कायदा लागू नसतो आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणी जात नाही. वास्तविक बाके तेच बनवतात. नाशिकच्या ‘निमा’ आणि अंबडच्या ‘आयमा’ या उद्योजक संघटनांमार्फत विनंती केली तर एखादा फॅब्रिकेशनवाला मजुरी न घेता केवळ मालाच्या किमतीत बाके करून देऊ शकतो. दुरुस्तीसाठी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना विचारावे. वेल्डिंग, जोडारी आणि सुतारकाम शिकणाऱ्या मुलांना सरावाचे खरे काम मिळते.

‘विद्यांजली’ या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर शाळेने यूडायस क्रमांकाने (प्रत्येक शाळेला मिळालेल्या शासकीय ओळख क्रमांकाने) नोंदणी करून आपली गरज लिहावी. सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या रूपात सुरू झालेल्या या व्यवस्थेतून स्वयंसेवक व देणगीदार शाळांना वस्तू आणि सेवा देऊ शकतात. तिथे गरज लिहिली म्हणजे देणगीदार आपोआप येतो असे मात्र नाही. पत्र पाठवताना त्या नोंदीचा उल्लेख केला की विनंतीला अधिकृतता येते, हा तिचा खरा उपयोग. राज्य शासनाची सप्टेंबर २०२३ ची दत्तक शाळा योजना पाच किंवा दहा वर्षांच्या मोठ्या पालकत्वासाठी आहे; केवळ पंधरा बाकांसाठी त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

जुने फर्निचर देऊ करणारेही भेटतील. बंद झालेले क्लास, सामान बदलणाऱ्या मोठ्या शाळा, कार्यालये यांच्याकडून येणारे सामान आधी पाहून यावे. प्रौढांसाठीच्या फिरत्या खुर्च्या, तुटक्या काचांची कपाटे नम्रपणे नाकारावीत. ती आणण्याचे भाडे आणि नंतर निर्लेखनाचा व्याप शाळेच्याच माथी येतो.

विनंतीपत्र

पत्र एका पानाचे असावे. त्याचा मजकूर पुढीलप्रमाणे ठेवता येईल:

‘आमच्या शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गात ३० मुले शिकतात. त्यांना १५ बाकांची आवश्यकता असून ४ जुनी बाके दुरुस्त करून घेत आहोत. उरलेल्या ११ बाकांसाठी तीन दरपत्रके घेतली असून सर्वांत योग्य दर प्रत्येकी ४,५०० रुपये आहे. दरपत्रके, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि वर्गाचा आराखडा सोबत जोडला आहे. आपण एक किंवा अधिक बाके द्यावीत, रक्कम थेट पुरवठादाराला द्यावी, अशी विनंती आहे. बाके मिळाल्यापासून तीस दिवसांत पोच, जडवस्तू नोंदवहीतील नोंदीची प्रत व छायाचित्र आपल्याला पाठवू. शाळा पाहण्यासाठी आपण कोणत्याही कामाच्या दिवशी यावे.’

मुलांची दैना वर्णन करणारी वाक्ये पत्रात नसावीत, आणि रडवेल्या, फाटक्या कपड्यांतील मुलांची छायाचित्रे तर मुळीच नसावीत. ती मुले उद्या मोठी होऊन हेच पत्र वाचू शकतात. रिकाम्या खोलीचे आणि मोडक्या बाकाचे छायाचित्र पुरेसे बोलते. मुलांचे छायाचित्र वापरायचेच असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी. पत्र पाठवून आठ-दहा दिवसांनी एकदा फोन करावा, महिन्याने दुसऱ्यांदा करावा आणि नकार आला तर आभार मानून त्या व्यक्तीला पुन्हा त्रास देऊ नये.

सामान आल्यावर

मे महिन्यातच सामान पोहोचेल अशी मुदत द्यावी. शाळा १५ जूनच्या सुमारास सुरू होतात आणि घाटमाथ्यावर त्याच वेळी पाऊस धरतो. उतरवताना उपसमितीच्या दोन सदस्यांनी प्रत्येक बाक तपशिलाशी ताडून पाहावे, डगमगणारे बाक त्याच गाडीत परत पाठवावे आणि मगच पोच लिहून द्यावी. प्रत्येक बाकाखाली क्रमांक रंगवून तो जडवस्तू नोंदवहीत दाता, दिनांक आणि किमतीसह चढवावा.

देणगीदाराचे नाव बाकाबाकावर रंगवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाने रोज कोणाच्या तरी उपकारावर बसायचे, हे शाळेत शोभत नाही. व्हरांड्यात पालकांखेरीज इतर सर्व देणगीदारांच्या नावांचा एकच फलक लावावा. सत्कार-समारंभात मुलांना तासन्‌तास उन्हात बसवण्याऐवजी देणगीदारांना साध्या शाळेच्या दिवशी बोलवावे आणि वर्ग चालू असताना पाहू द्यावा. हिशेबाचे पान शाळेच्या सूचनाफलकावर पंधरा दिवस लावावे आणि समितीच्या पुढच्या सभेत वाचून दाखवावे.

दरवर्षी मे महिन्यात बोल्ट आवळणे, गंजलेल्या जागी रंग लावणे आणि झिजलेली रबरी बुचे बदलणे हे काम ठरलेल्या दोन पालकांकडे सोपवावे, आणि त्या दुरुस्तीचा छोटा खर्च पुढील शाळा विकास आराखड्यात पहिल्या वर्षापासूनच लिहावा.